अंगठी नसलेली शकुंतला

शकुंतलेची गोष्ट आपल्याला कुणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. दुर्वासांचा शाप, पाण्यात पडलेली अंगठी, ती गिळणारा मासा, माशाच्या पोटात अंगठी सापडलेला कोळी आणि ती पाहताच सारं आठवून कासावीस झालेला दुष्यंत, एवढं तर आजीच्या तोंडून किंवा ‘अमर चित्र कथे’तून लहानपणीच कानांवर आणि डोळ्यांवर आलेलं असतं. आता महाभारताचं आदिपर्व उघडून त्यातलं शकुंतलोपाख्यान वाचा. तिथं दुर्वास नाहीत, शाप नाही, मासा नाही आणि अंगठीही नाही. मुख्य म्हणजे राजा काहीच विसरलेला नाही. समोर उभी असलेली स्त्री कोण, हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि तरी तो भर दरबारात तिला ओळख देत नाही.

पहिल्यांदा हे वाचणाऱ्याला चुकल्यासारखं होतं. कथेतून काहीतरी गळून पडलंय असं वाटतं. प्रत्यक्षात गळलेलं काहीच नाही. महाभारतातली कथा आधीची आहे आणि कालिदासाचं ‘अभिज्ञानशाकुंतल’ नंतरचं. अंगठी या कथेत मागाहून आली. पण वाचक म्हणून आपल्यापर्यंत ती आधी पोचली, आणि म्हणून महाभारत वाचताना आपण तिची वाट पाहत बसतो.

साहित्यकृतींचं एकमेकींशी असलेलं नातं समजून घ्यायला हा अनुभव फार मोलाचा आहे. इतिहासाच्या पुस्तकात प्रभाव जुन्याकडून नव्याकडे वाहतो. वाचकाच्या मनात तो दोन्हीकडून वाहतो. नवी कृती जुनीवर उभी राहते हे खरंच, पण ती जुनीचा अर्थही बदलून टाकते. आणि हे सगळं जिथं घडतं ती जागा म्हणजे वाचक. शकुंतलेच्या कथेचा दीड-दोन हजार वर्षांचा प्रवास पाहिला की हे लख्ख दिसतं.

दरबारातली शकुंतला

आदिपर्वातली शकुंतला बोलकी आहे. आश्रमात आलेल्या दुष्यंताला आपल्या जन्माची कथा ती स्वतः सांगते. तो गांधर्वविवाहाची गोष्ट काढतो तेव्हा ती अट घालते, की माझ्या पोटी जो मुलगा जन्मेल तोच युवराज व्हायला हवा. राजा मान्य करतो, निघून जातो आणि पुढं कुणाला पाठवत नाही. मुलगा आश्रमातच वाढतो. सहा वर्षांचा होतो तोवर सिंह-वाघांना झाडांना बांधून ठेवायला लागलेला असतो. मग कण्व तिला मुलासह हस्तिनापूरला पाठवतात.

राजा ओळख नाकारतो त्या क्षणी व्यासांची शकुंतला आधी शरमते, मग तिचे डोळे रागानं लाल होतात, ओठ थरथरतात. ती राग आवरते आणि बोलायला लागते. तुला सगळं माहीत असताना एखाद्या हलक्या माणसासारखं का बोलतोस, असं राजाला विचारते. एकांतात केलेलं कृत्य कुणी पाहिलं नाही असं समजू नकोस, हृदयातला साक्षी पाहतोच, असं बजावते. पत्नीचं स्थान काय, मुलाच्या स्पर्शाचं सुख काय, सत्याचं वजन किती, हे एकामागून एक मांडत जाते. राजा तिच्या आईच्या, मेनकेच्या, चारित्र्यावर बोट ठेवतो तेव्हा ती मुळीच नमत नाही. दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष दिसतात आणि स्वतःचे बेलफळाएवढे दिसत नाहीत, असं त्याला सुनावते. तू नाही स्वीकारलंस तरी माझा मुलगा पृथ्वीवर राज्य करील, असं सांगून ती निघते. त्यानंतर आकाशवाणी होते आणि मग राजा आनंदानं मुलाला जवळ घेतो. मलाही हे ठाऊक होतं, पण केवळ तिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. वर तिनं काढलेल्या कठोर शब्दांबद्दल तो तिला क्षमाही करून टाकतो!

या कथेला राजवंशाचं काम आहे. भरत कुठून आला, त्याचा वारसाहक्क कसा सिद्ध झाला, हे तिला सांगायचं आहे. म्हणून मूल दरबारात हजर आहे आणि निवाडा जाहीरपणे होतो.

कालिदासानं काय ठेवलं, काय बदललं

कालिदास साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला मानला जातो. त्याचा प्रेक्षक ही कथा जाणून होता. दुष्यंत शकुंतलेला झिडकारणार आणि शेवटी दोघं एकत्र येणार, हे त्याला आधीच माहीत. म्हणजे उत्सुकता कथानकात उरली नव्हती, ती कुठं वेगळीकडेच जागवायला हवी होती.

कालिदासानं ती जागवली स्मृतीच्या प्रश्नातून. राजा खोटं बोलतो, याऐवजी राजा विसरतो. विसरण्यासाठी शाप आला आणि आठवण्यासाठी अंगठी. ओळख पटवणारी अंगठी हीसुद्धा त्यानं शून्यातून काढली नसावी. ‘कट्ठहारि जातका’त राजा वनात भेटलेल्या स्त्रीला अंगठी देतो आणि पुढं तिला ओळख नाकारतो. लोककथांच्या भांडारातली ही जुनीच वस्तू आहे. कालिदासाचं कसब असं, की त्यानं तिच्याभोवती सगळं नाटक विणलं. राजानं अंगठी देताना सांगितलेलं असतं, की तिच्यावर कोरलेल्या माझ्या नावातलं एकेक अक्षर दररोज मोज. अक्षरं संपतील त्या दिवशी तुला न्यायला माणूस येईल. सहाव्या अंकात अंगठी परत हाती आल्यावर त्याला हे आठवतं, आणि अक्षरं कधीच संपून गेलेली असतात.

विसरणं या नाटकात पहिल्या पानापासून आहे. प्रस्तावनेत नटी उन्हाळ्याचं गाणं गाते, त्यात सूत्रधार इतका रंगतो की आपण कोणतं नाटक करायला उभे आहोत हेच विसरतो. प्रेक्षक हसतो. पाचव्या अंकात तेच विसरणं जीवघेणं होऊन समोर येतं.

त्या पाचव्या अंकाच्या सुरुवातीला एक छोटीशी जागा आहे, तिच्यापाशी थांबायला हवं. शकुंतला अजून दरबारात पोचलेली नाही. राजा विदूषकाबरोबर बसलाय आणि आतून राणी हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं. आंब्याच्या मोहोरावर प्रेम करून मग कमळात रमलेल्या भुंग्याला तिचा प्रश्न आहे, की तू मोहोराला विसरलास कसा? राजाला अर्थ कळतो. एकेकाळी आपण हिच्यावर प्रेम केलं आणि आता वसुमतीमागे असतो, त्याबद्दलचा हा टोमणा आहे, असं तो विदूषकाला सांगतो. त्याच वेळी त्याचं मन कारण नसताना उदास होतं.

महाभारत न वाचलेल्याला ही जागा नुसती सुंदर वाटते. महाभारत वाचलेला इथं दचकतो. शापाशिवायही हा माणूस विसरतो, हे कालिदासानं शाप प्रत्यक्ष फळण्याच्या अगदी आधी दाखवून ठेवलंय. व्यासांचा जाणूनबुजून नाकारणारा दुष्यंत नाटकातून हद्दपार झालेला नाही. तो त्या गाण्यामागं उभा आहे. कालिदासानं शाप आणून राजाचा दोष धुऊन काढला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्यात तथ्य आहेच. पण ज्याच्याकडे दोन्ही कृती आहेत त्याला दिसतं, की धुतलेल्या कापडावर डागाची पुसट खूण कालिदासानं जाणून राहू दिली आहे.

मराठी वाचकासाठी या जागेला आणखी एक अर्थ आहे. संस्कृत नाटकात सगळी पात्रं संस्कृत बोलत नाहीत. शकुंतला आणि तिच्या सख्या शौरसेनी प्राकृत बोलतात, कोळी मागधी बोलतो, आणि स्त्रियांची गाणी महाराष्ट्री प्राकृतात असतात. नटीचं ते उन्हाळ्याचं गाणं आणि हंसपदिकेचं हे गाणं दोन्ही महाराष्ट्रीत आहेत. मराठीची पूर्वज मानली जाणारी ही भाषा ‘गाथासप्तशती’मुळं प्रेमाच्या कवितेची भाषा म्हणून नावाजलेली होती. तिच्यात गाणं ऐकताच त्या काळच्या रसिकाच्या मनात गाथांची सगळी परंपरा जागी होत असणार.

उचलेगिरी आणि परकायाप्रवेश

जुन्यातून नवं घेणं म्हणजे चोरी का? हा प्रश्न आपल्या काव्यशास्त्रानं हजार वर्षांपूर्वी नीट सोडवून ठेवलाय. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या रचनांतल्या साम्याचा विचार केला. या साम्याला तो ‘संवाद’ म्हणतो आणि त्याचे तीन प्रकार सांगतो. पहिलं साम्य आरशातल्या प्रतिबिंबासारखं, दुसरं चित्रासारखं, तिसरं एकसारख्या दिसणाऱ्या दोन माणसांसारखं. पहिल्या दोन प्रकारांत नव्या कृतीला स्वतःचा जीव नसतो, म्हणून कवीनं ते टाळावेत. तिसऱ्यात चेहरामोहरा सारखा असला तरी आत्मा निराळा आहे, तिथं आक्षेपाला जागा नाही.

पुढं राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त हा विचार आणखी ताणून नेला. राजशेखराचं घराणं महाराष्ट्रातलं. त्याचा पूर्वज अकालजलद याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. शब्द उचलणं आणि अर्थ उचलणं यांवर त्यानं प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली. कवी थोडीफार चोरी करतोच, हे तो मोकळेपणानं मान्य करतो. त्याला रस आहे तो पुढच्या प्रश्नात, की घेतलेल्याचं कवी करतो काय? काही कवी नवं निर्माण करतात, काही घेतलेल्याचं रूप पालटतात, काही झाकपाक करतात, काही अनेकांकडून गोळा करून एकत्र मांडतात. आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांना त्यानं चौथा जोडला, परकायाप्रवेशाचा. मूळ वस्तू एकच, पण मांडणी इतकी पालटलेली की जणू दुसरा जीव त्यात शिरलाय. शकुंतलोपाख्यान आणि ‘शाकुंतल’ यांच्या नात्याला याहून नेमकं नाव सापडणार नाही.

‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ आधुनिक वाचकाच्या हाती यायला १९१६ साल उजाडलं. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात सुरू झालेल्या प्राच्य ग्रंथमालेचं पहिलं पुष्प म्हणून तो छापला गेला.

युरोपात हाच प्रश्न विसाव्या शतकात ऐरणीवर आला. बल्गेरियातून पॅरिसला आलेल्या ज्युलिया क्रिस्तेवा यांनी १९६०च्या दशकात, रशियन विचारवंत मिखाईल बाख्तिन यांच्या लेखनाचा आधार घेऊन, कोणतीही संहिता एकटी नसते, इतर संहिता पचवून आणि पालटूनच ती घडते, असं मांडलं. आपल्या समीक्षेत याला आंतरसंहितात्मकता म्हणतात. १९८२ मध्ये फ्रेंच समीक्षक जेरार झनेत यांनी, जुनी अक्षरं खरवडून त्याच चर्मपत्रावर नवं लिहिलेल्या हस्तलिखिताचं नाव आपल्या पुस्तकाला दिलं आणि एका कृतीवर दुसरी कृती रचण्याच्या पद्धतींची तपशीलवार वर्गवारी केली. राजशेखर आणि झनेत यांच्यात हजार वर्षांचं आणि दोन खंडांचं अंतर आहे. दोघांनाही एकच गोष्ट मोलाची वाटली: नक्कल आणि नवनिर्मिती यांच्यामधला मोठा प्रदेश बारकाईनं पाहायला हवा, कारण बहुतेक चांगलं साहित्य तिथंच जन्मतं.

कलकत्त्याहून जर्मनीत आणि परत बंगालात

१७८९ मध्ये कलकत्त्यात ‘शाकुंतला’चं इंग्रजी भाषांतर छापून निघालं. भाषांतरकार सर विल्यम जोन्स तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि एशियाटिक सोसायटीचे संस्थापक. भारतीय ‘नाटक’ म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कळत नव्हतं. थंडीच्या दिवसांत कलकत्त्यातले इंग्रज जे खेळ करतात तसलंच ते असतं, असं पंडित राधाकांत यांनी त्यांना सांगितलं आणि वाचायला ‘शाकुंतल’ सुचवलं. जोन्स यांनी ते आधी लॅटिनमध्ये शब्दशः उतरवलं, मग त्यावरून इंग्रजी केलं. शृंगाराच्या काही जागा त्यांनी इंग्रज वाचकाच्या मर्यादेत बसवल्या.

त्यांच्या हाती असलेली पोथी बंगाली परंपरेतली होती. ‘शाकुंतला’चे बंगाली, देवनागरी, काश्मिरी, मैथिली, दाक्षिणात्य असे वेगवेगळे पाठ आहेत, आणि बंगाली पाठातला तिसरा अंक देवनागरी पाठातल्यापेक्षा बराच लांब आहे. म्हणजे युरोपानं डोक्यावर घेतलेलं ‘शाकुंतल’ आणि आपल्याकडं पुढं महाविद्यालयांतून शिकलं गेलेलं ‘शाकुंतल’ ही अक्षरशः एकच संहिता नव्हेत. महाभारताच्या बाबतीतही असंच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत वि. स. सुकथनकरांनी आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती १९३३ मध्ये पूर्ण झाली. दाक्षिणात्य पोथ्यांमध्ये शकुंतलेच्या आणि ययातीच्या आख्यानांचा क्रम उलटा आहे, हे त्यातून स्पष्ट दिसतं. ‘मूळ’ म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो तेही कुणीतरी वाचून, निवडून, उतरून आपल्या हाती दिलेलं असतं.

जोन्स यांच्या इंग्रजीवरून गेओर्ग फोर्स्टर यांनी १७९१ मध्ये जर्मन भाषांतर केलं. ते वाचून कवी ग्योथे भारावला आणि त्यानं शकुंतलेवर चार ओळींचं मुक्तक लिहिलं. पुढं ‘फाउस्ट’च्या आरंभी त्यानं रंगमंचावरचा एक प्रवेश घातला, त्यात नाट्यगृहाचा चालक, कवी आणि विदूषकी नट बोलत असतात. ही कल्पना कालिदासाच्या प्रस्तावनेवरून सुचली असं मानलं जातं. संगीतकार शूबर्टनं १८२०च्या सुमारास शकुंतलेवर ऑपेरा लिहायला घेतला आणि अर्धवट सोडला. शिल्पकार कामीय क्लोदेल यांनी १८८०च्या दशकात तिचं शिल्प घडवलं.

आणि मग ही लाट मायदेशी परतली. विसाव्या शतकाच्या आरंभी रवींद्रनाथ टागोरांनी ‘शकुंतला’ हा प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याच्या आरंभाशीच ग्योथेच्या त्या मुक्तकाचा उल्लेख येतो. ग्योथेच्या चार ओळींत जे बीज होतं ते फुलवत, शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’शी तुलना करत, रवींद्रनाथ दाखवतात की पहिल्या अंकातलं आवेगी प्रेम शेवटच्या अंकात तपानं शुद्ध होऊन येतं. संस्कृत नाटक, त्याचं इंग्रजी भाषांतर, त्यावरून जर्मन, त्यावर जर्मन कवीच्या ओळी, आणि त्या ओळींच्या प्रकाशात एका भारतीय कवीनं आपलंच नाटक नव्यानं वाचणं. इतक्या हातांतून फिरून आलेल्या ‘शाकुंतला’त शिळेपणाचा मागमूस नाही. उलट रवींद्रनाथांच्या वाचनानंतर सातवा अंक पहिल्यासारखा वाचताच येत नाही.

पुण्याचं ‘शाकुंतल’

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले. मराठी संगीत नाटकाचा जन्म आपण त्या दिवसापासून मोजतो. या नाटकाची आई कालिदासाची कृती असली तरी बाप एकटा नाही. पारशी मंडळींनी पुण्यात केलेला ‘इंद्रसभा’चा प्रयोग पाहून अण्णासाहेबांना संगीत नाटकाची कल्पना सुचली. ‘इंद्रसभा’ लखनौच्या अमानत यांची, उर्दू. विष्णुदास भाव्यांच्या परंपरेत बहुतेक गाणं सूत्रधाराच्या तोंडी असायचं. किर्लोस्करांनी ते पात्रांच्या तोंडी दिलं. आणि पदं रचली ती साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा, कीर्तनात आणि आख्यानकवितेत मुरलेल्या वृत्तांमध्ये आणि जातींमध्ये.

त्या दिवशी नाट्यगृहात बसलेल्या माणसाचा विचार करा. त्यानं कीर्तनं ऐकलेली आहेत, मोरोपंत त्याच्या कानांत आहे, भाव्यांच्या वळणाची पौराणिक नाटकं त्यानं पाहिली आहेत. नव्या कॉलेजात गेला असेल तर संस्कृत ‘शाकुंतल’ अभ्यासलेलं आहे आणि जोन्स, ग्योथे ही नावं अभिमानानं ऐकलेली आहेत. रंगमंचावर कण्व मुलीला निरोप देऊ लागतात तेव्हा या सगळ्या आठवणी एकदम हलतात. सासरी निघालेली लेक आणि दाटून आलेला बाप हे दृश्य जात्यावरच्या ओव्यांनी त्याच्या घरात आधीच आणून ठेवलेलं असतं. संस्कृत परंपरेनं वाखाणलेला चौथा अंक आणि मराठी घरातली लेकीची पाठवणी तिथं एकमेकांत मिसळतात. ‘शाकुंतल’ मराठी झालं ते या मिसळण्यानं. नुसत्या भाषांतरानं हे साधलं नसतं. ‘शाकुंतला’ची मराठी भाषांतरं आधीही झालेली होतीच.

पुढं १९०५ मध्ये मिरजेला बालगंधर्व पहिल्यांदा शकुंतला होऊन उभे राहिले. त्याआधी राजा रविवर्म्यानं शकुंतला रंगवली होती: पायात काटा रुतल्याचं निमित्त करून मागं वळून पाहणारी. नाटकात ही जागा क्षणभराची आहे, संवादात येते आणि जाते. छापील चित्रांमुळं मात्र तीच घरोघरच्या भिंतीवर गेली आणि शकुंतला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तीच उभी राहू लागली. १९४३ मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिराचा पहिला चित्रपट काढला, तोही ‘शकुंतला’. नाटक, पद, चित्र, चित्रपट यांतून प्रत्येक वेळी काही गळलं, काही वाढलं. हे सगळं मिळून जे तयार झालं त्याला आपण ‘शकुंतलेची गोष्ट’ म्हणतो. ‘संगीत शाकुंतला’ची नांदी तर नाटक कधीच न पाहिलेल्यांच्याही ओठांवर आहे.

वाचकाचा वाटा

राजशेखर प्रतिभेचे दोन प्रकार सांगतो. एक कवीची, निर्माण करणारी. दुसरी वाचणाऱ्याची, कृतीतलं मर्म ग्रहण करणारी. तिला तो भावयित्री म्हणतो. वाचनालाही प्रतिभा लागते, असं बजावणारा हा विचार मला अत्यंत थोर वाटतो. वाचकांचे चार प्रकारही त्यानं पाहिले आहेत. काहींना काहीच रुचत नाही. काही जण गवताकाडीसकट सगळंच गिळतात. काही मत्सरापोटी चांगल्यालाही वाईट म्हणतात. आणि थोडे असतात ते गाभ्याशी जाऊन भिडणारे. काव्याच्या सततच्या अभ्यासानं ज्याचं मन आरशासारखं स्वच्छ झालंय तो सहृदय, असं काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताचंही म्हणणं आहे. यातला ‘अभ्यास’ महत्त्वाचा. मन स्वच्छ होतं ते आधी वाचलेल्या इतर कृतींनी. म्हणजे एक कृती नीट वाचायची शक्ती दुसऱ्या कृती देतात.

जर्मनीत कॉन्स्टान्झ विद्यापीठात हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ पासून असंच काही मांडलं. वाचक कोऱ्या मनानं पुस्तक उघडत नाही. तो आधीच्या वाचनातून तयार झालेल्या अपेक्षांचं क्षितिज घेऊन येतो. त्यांचे सहकारी वोल्फगांग इझर यांनी कृतीतल्या मोकळ्या जागांकडे लक्ष वेधलं, ज्या वाचकानंच भरायच्या असतात. ‘शाकुंतला’त अशी एक प्रचंड मोकळी जागा आहे. पाचव्या अंकात झिडकारलेली शकुंतला निघून जाते आणि थेट सातव्या अंकात, मळकी वस्त्रं आणि एकच वेणी अशा व्रतस्थ रूपात, पुन्हा समोर येते. मधली वर्षं रंगमंचावर आहे तो राजाचा पश्चात्ताप. तिनं मूल कसं जन्माला घातलं, कसं वाढवलं, तिला काय वाटत होतं, यावर नाटक जवळपास गप्प आहे. शापाचं कळल्यावर, पतीनं आपल्याला विनाकारण टाकलं नव्हतं, याचंच तिला समाधान वाटतं.

ही जागा प्रत्येक काळानं आपापल्या परीनं भरली. रवींद्रनाथांना तिथं तप दिसलं. इतिहासकार रोमिला थापर यांनी १९९९ मध्ये शकुंतलेच्या निरनिराळ्या रूपांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. स्वतःचा हक्क मागणाऱ्या स्त्रीपासून सोशीक नायिकेपर्यंतचा हा बदल प्रत्येक काळातल्या समाजाबद्दल काय सांगतो, याचा त्यांनी शोध घेतला. आजची वाचक दरबारात खडसावून बोलणारी शकुंतला आठवत सातव्या अंकाकडे पाहते तेव्हा तिला त्या समाधानामागचा गप्पपणा ऐकू येतो. कालिदासाची अक्षरं तीच आहेत. महाभारत आता त्यांच्या शेजारी वेगळ्या रीतीनं उभं राहिलंय.

अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांनी काफ्कावरच्या एका निबंधात म्हटलंय, की प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतः घडवतो. काफ्का वाचल्यावर जुन्या लेखकांतही काफ्का दिसू लागतो, तो नसता तर ते साम्य कुणाच्या ध्यानातच आलं नसतं. याची उदाहरणं आपल्या घरचीच आहेत. आदिपर्वात शकुंतलेच्या शेजारी असलेल्या ययातीच्या कथेवर वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये कादंबरी लिहिली, आणि १९६१ मध्ये गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक आलं. खांडेकरांनी अलका हे पात्र नव्यानं आणलं, कार्नाडांनी पुरूला पत्नी दिली, चित्रलेखा. या दोघी भेटल्यावर महाभारताकडे परत जा. बापाचं म्हातारपण उचलणाऱ्या मुलाच्या घरातल्या बाईचं काय झालं असेल, हा प्रश्न आता तिथंही पडतो. तो प्रश्न कार्नाडांनी आपल्याला दिला आणि तो घेऊन आपण व्यासांच्या दारात उभे आहोत.

म्हणून कोणतीही पुनर्कथा वाचताना काही गोष्टी विचारायची सवय लावून घ्यावी. जुन्यातलं काय ठेवलंय? काय वगळलंय? काय नव्यानं घातलंय? हे सगळं कोणत्या वाचकाला समोर ठेवून केलंय? आणि शेवटचं, हे वाचल्यावर जुन्या कृतीत मला आता काय दिसतंय जे आधी दिसत नव्हतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच ग्रंथात लिहिलेलं नसतं. ते ज्याचं त्यालाच शोधावं लागतं, आणि वाचनाचा खरा आनंद त्यातच आहे.

शकुंतलेपुरतं बोलायचं तर आपण पोरांना फार दिवस एकच शकुंतला दिली: झाडांना पाणी घालणारी, लाजणारी, निरोप घेताना पाऊल अडखळणारी. ती सुंदर आहे, तिच्या त्या चौथ्या अंकावर पिढ्यान्‌पिढ्या रडल्या आहेत. तिच्या जोडीला राजाच्या डोळ्यांत डोळे घालून सत्याचा जाब मागणारी शकुंतलाही आपल्या वर्गांत आणि घरांत आली पाहिजे. दोन्ही उतारे एकाच आठवड्यात मुलामुलींसमोर ठेवावेत आणि ती काय म्हणतात ते मन लावून ऐकावं. कालिदास यानं उणा होत नाही. किती अवघड ठिकाणाहून त्यानं आपली शकुंतला घडवली, हे तेव्हाच त्यांना पुरतं कळेल.